सहीवर शिक्का

पुस्तक कुणाचं होतं हे कळल्याशिवाय ते कशाचं आहे हे ते बघतच नसत. कुणी पिशवीभर जुनी पुस्तकं देणगी म्हणून आणली, की आमचे ग्रंथपाल चष्मा कपाळावर चढवायचे, पहिलं पान नाकाजवळ न्यायचे आणि तिथलं नाव मोठ्यानं वाचायचे. हजेरी घ्यावी तसं. नाव नसेल तर पानं झटकायचे. बसचं तिकीट, लग्नपत्रिकेचा तुकडा, धोब्याचा हिशेब, काहीतरी पडायचंच, आणि त्यावरून ते माणूस शोधायला बसायचे. एवढं झाल्यावर मग शीर्षक. कधीकधी तेही राहून जायचं आणि दाखल रजिस्टरात लेखकाच्या रकान्यात आधीच्या मालकाचं नाव पडायचं. बडोद्यातल्या कितीतरी रिटायर्ड ओव्हरसियरांना आणि मुख्याध्यापिकांना त्यांनी असं न लिहिता लेखक करून ठेवलं होतं. त्या चुका दुरुस्त करण्यात माझी पहिली दोन वर्षं गेली.

मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय दांडिया बाजाराच्या बाजूला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. वेळ दुपारी चार ते आठ, रविवारी आणि सोमवारी बंद. मी ग्रंथालयाचा सर्टिफिकेट कोर्स केलेली, त्यामुळे कायद्यानं पाहिलं तर ग्रंथपाल मी आणि मदतनीस ते असायला हवे होते. पण ते माझ्या आधी दोन वर्षं आलेले, वयानं पंधरा वर्षांनी मोठे आणि पुरुष. तेव्हा प्रश्न कुणी काढला नाही. मीही नाही. त्या वयात भांडायला अंगात जोर असतो, पण माझा तो घरीच संपून जायचा.

वाचनालयात येण्याआधी ते नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात स्टोअरकीपर होते. चोवीस वर्षं ड्रम, गोणी, नटबोल्ट आणि हातमोजे आत घेतले आणि बाहेर दिले. कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा हेही कमी झाले आणि मंडळानं त्यांना मानधनावर बसवलं. पुस्तकं त्यांनी फारशी वाचली नव्हती. पुढेही फारशी वाचली नाहीत. पण स्टोअर सांभाळायचं म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं, आणि आमच्या कमिटीतल्या साहित्यप्रेमी मंडळींना नेमकं तेच माहीत नव्हतं.

"शिक्का बसला नाही तोवर माल ट्रकमध्येच समजायचा, ताई," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

मी त्यांना काका म्हणायची, सगळेच म्हणायचे. ते मला शेवटपर्यंत ताई आणि अहो-जाहो.

शिक्का जांभळा, गोल, मंडळाच्या नावाचा. पॅडवर शाई घालताना ते ग्लिसरिनचा एक थेंब टाकायचे, म्हणजे उन्हाळ्यात पॅड सुकत नाही. एक शिक्का शीर्षकाच्या पानावर, एक शेवटच्या पानावर आणि एक गुप्त पानावर. हे गुप्त पान प्रत्येक वाचनालयाचं ठरलेलं असतं. चोरानं पहिलं आणि शेवटचं पान फाडलं तरी आतला शिक्का राहतो आणि पुस्तक कुणाचं ते सिद्ध करता येतं. आमच्या पानाचा आकडा काका आणि मी, दोघांनाच ठाऊक होता. वाचनालय आता राहिलेलं नाही, तरी तो इथे लिहायला माझा हात धजत नाही.

आधीच्या मालकाचं नाव मात्र ते कधी खोडायचे नाहीत. माझ्या कोर्समध्ये शिकवलं होतं, की देणगीच्या पुस्तकावरचं खाजगी लिखाण शक्यतो पुसून टाकावं. मी एकदा खोडरबर घेऊन बसले तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "पहिल्या पानावर माहेर असतं. शिक्का म्हणजे सासर. सासरी आली म्हणून पोरीचं माहेर पुसतात का?" मी म्हटलं, आमच्यात तर नावसुद्धा बदलतात, काका. त्यावर ते थोडे ओशाळले. मग मी विचारलं, "आणि काडीमोड घ्यायचा असेल तर?" हे त्यांनी अगदी गंभीरपणे घेतलं. म्हणाले, "रजिस्टरात लाल शाईची रेघ, तीन सह्या, मग शिक्क्यावर 'रद्द'. त्याशिवाय नाही. त्याशिवाय शिक्क्याचं पुस्तक उंबऱ्याबाहेर गेलं तर ती चोरी. नेणारा कोण का असेना."

हे नुसतं बोलणं नव्हतं, हे मला एका रविवारी कळलं. शनिवारी निघताना एक कादंबरी मी पर्समध्ये टाकली होती. शंभरेक पानं उरली होती, चिठ्ठी लिहायचा कंटाळा केला, मंगळवारी परत आणणारच होते. रविवारी भर दुपारी फतेगंजला आमच्या दारात काका उभे. स्कूटरवरून आलेले, मे महिना, डोक्याला रुमाल बांधलेला. माझे मिस्टर म्हणाले, या, बसा. ते बसले, पाणी प्याले, आमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, सरबत घेतलं. मग मला म्हणाले, "ते न्यायला आलोय." मी रागानं लाल झाले. पुस्तक आणून दिलं. त्यांनी ते रुमालात बांधलं, "चिठ्ठी असती तर आलो नसतो," एवढं म्हणाले आणि गेले. मिस्टर आठवडाभर हसत होते. शेवटची शंभर पानं मी वाचनालयातच बसून वाचली आणि त्या दिवसापासून कानाला खडा लावला. पुढं कितीदा तरी वाटलं, की आपण उगाच घाबरतो. पण हात काही पर्सपर्यंत गेला नाही. लहानपणी लागलेली सवय सुटते. मोठेपणी अपमानातून लागलेली सुटत नाही.

पुस्तकाची किंमत या विषयावर काकांची स्वतःची मतं होती आणि ती जगात दुसऱ्या कुणाचीच नव्हती. आमच्याकडे एकच कुलपाचं कपाट होतं. त्यात खरं तर दुर्मीळ पुस्तकं ठेवायची. काकांनी त्यात काय ठेवलं होतं? एका मुलीला इयत्ता पाचवीत वक्तृत्वाचं दुसरं बक्षीस म्हणून मिळालेलं गोष्टीचं पुस्तक, ज्यात तिनं पुढे 'पहिलं यायला हवं होतं' असं लिहिलं होतं. एका रेल्वे गार्डची गीता, जिच्या मागच्या पानावर त्यानं कोणत्या गाडीत कोणता अध्याय वाचला ते टिपलं होतं. नवऱ्यानं बायकोला दिलेलं पाककृतींचं पुस्तक, 'सौ.स, रागावू नये' असं वर लिहिलेलं. आणि शंभर वर्षांपूर्वीची एक पहिली आवृत्ती, जिच्यासाठी लोक मुंबईहून फोन करायचे, ती बाहेर उघड्या फडताळात, का तर तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. "कोरी आहे हो. तिला कोण विचारणार?"

मी समजावून थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग ते दोन कपाटांचं दान आलं.

संस्थानी काळात वरच्या हुद्द्यावर असलेल्या एका अधिकाऱ्यांचा तो संग्रह. त्यांची नातसून, ऐंशीच्या पुढची, घर विकून मुलाकडे अमेरिकेला निघाली होती. काका आणि मी पुस्तकं आणायला गेलो तेव्हा सामान बांधून झालं होतं आणि बाई एका खोक्यावर बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला चहासुद्धा शेजारणीकडून मागवून दिला. कपाटांतलं एकेक पुस्तक मी बाहेर काढून पाहू लागले. नद्या-विहिरींवरचे जुने ग्रंथ, नाटकं, कोश, कवितांची पुस्तकं. आजेसासऱ्यांची सुरेख मोडी वळणाची सही प्रत्येकावर. चौदा पुस्तकं तर अशी, की लेखकानं स्वतः त्यांना भेट दिलेली, पहिल्या पानावर स्वहस्ताक्षरात चार ओळी. ती नावं आम्ही शाळेच्या पुस्तकात शिकलेलो होतो. एका कवीनं तर दुसरीकडे कुठेच न छापलेलं एक कडवं तिथे लिहून दिलं होतं.

बाई म्हणाल्या, "मला पावती नको, फोटो नको. एवढंच करा, एकत्र राहू देत. ह्यांच्या आजोबांनी एकेक करून जमवलीत."

काका उभे राहिले. "एकही बाहेर जाणार नाही. माझा शब्द."

मी तेव्हा मनात म्हटलं, मानधनावरच्या माणसानं एवढा मोठा शब्द देऊ नये.

पुस्तकं आली आणि महिनाभर तशीच पडून राहिली, कारण काका नावं वाचत बसले होते. तेवढ्यात आमच्या सेक्रेटरींनी एक गृहस्थ आणले. पुण्याचे, जुन्या पुस्तकांचे व्यापारी, मऊ बोलणारे, हातात पांढरे सुती मोजे घालणारे. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. पुस्तक उघडताना ते कणा तळव्यावर धरायचे. तसं धरणारा माणूस मला आमच्या सभासदांत एकही भेटला नाही.

काकांनी त्यांना अगदी विद्यार्थ्यासारखं विचारलं, "साहेब, नावामुळं भाव वाढतो की कमी होतो?"

"नाव कुणाचं त्यावर आहे," ते म्हणाले. "तुमचं-माझं असेल तर कमी होतो. डाग धरतात तो. मोठ्या माणसाचं असेल तर वाढतो. आणि लिहिणारा मोठा, घेणारा मोठा, दोघांची ओळख होती हे त्या ओळींवरूनच दिसतंय, असं असेल तर मग विचारू नका. पुस्तक तेच असतं. आपण पैसे देतो ते कुणाच्या हातातून आलं त्याचे."

"आणि शिक्का?"

व्यापारी हसले. "वाचनालयाचा शिक्का म्हणजे संपलंच. घेणाऱ्याला भीती, चोरीचं तर नसेल. 'रद्द' मारलेला असला तरी निम्म्यावर येतं."

"आणि सहीवरच शिक्का पडला तर?"

"तर ते पुस्तक माझ्यासाठी मेलं."

काकांनी मान डोलावली. कारखान्यात नवीन मालाची माहिती ऐकताना ते अशीच मान डोलावत असणार. मला शंका यायला हवी होती.

व्यापारी गेल्यावर सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. हे आमचे सेक्रेटरी बडोद्यातच जन्मलेले, पन्नाशीचे, घरी मराठी आणि बाहेर गुजराती बोलता बोलता दोन्हीची खिचडी झालेले. "ताई, जुओ, छत गळतंय. ग्रँट येत नाही. ती चौदा बुक्स रजिस्टरमध्ये घेऊच नका. शिक्का मारू नका. सोमवारी भाई परत येतात, घेऊन जातील. बाकीची बे कपाटं आपल्याकडेच राहतील ने! काकांना हमणां सांगू नका, ते पंचात करतील, विषय वाढवतील."

छत खरोखर गळत होतं. बादली माझ्याच टेबलाशेजारी असायची. मी 'बरं' म्हटलं. आणि शनिवारी संध्याकाळी, वाचनालय बंद करताना, मी काकांना सगळं सांगितलं. का सांगितलं? नऊ वर्षं एका टेबलावर बसलेल्या माणसापासून लपवायचं म्हणजे पुन्हा कष्टच. मला ते झेपलं नाही, एवढंच. त्याला सचोटी वगैरे म्हणू नये.

रविवारी सकाळी साडेदहाला त्यांनी मला फोन केला. "ताई, जरा येता का? टीपकागद धरायला माणूस हवा."

मी गेले तेव्हा टेबलावर चौदा पुस्तकं पहिलं पान उघडून ओळीनं मांडलेली होती आणि त्यांतल्या सहा पुस्तकांवर शिक्के बसले होते. कोपऱ्यात नाही. बरोबर सहीवर, लेखकाच्या ओळींवर, मधोमध. जांभळं वर्तुळ आणि खाली काळी बारीक अक्षरं. मी म्हटलं, "काका, हे काय केलंत! अहो, ही कुणाची अक्षरं आहेत, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. त्या पाहुण्यांनी परवा नीट समजावलं की."

"मग?"

"शब्द दिलाय त्या बाईंना. उद्या ते मोजे घालून येणार. मी काय कपाटापुढं आडवा पडू? माझं इथे चालतं किती, तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या हातात एवढंच आहे." आणि त्यांनी हातातला शिक्का दाखवला.

कवीच्या त्या कडव्याचं पुस्तक अजून तसंच होतं. मी त्यावर हात ठेवला. "हे एक राहू द्या. एवढं एक."

"एक ठेवलं की एक जातं. एक गेलं की एकत्र कुठं राहिली?"

मी हात काढला. त्यांनी शिक्का मारला, आणि शाई पसरू नये म्हणून टीपकागद मी धरला. हे लिहिताना मला कुणी दोष देईल याची भीती वाटत नाही. देणारा उरलाय कोण? पण धरला मी, हे खरं आहे. उरलेल्या सातही पुस्तकांना मीच धरला. काम संपल्यावर काकांनी सगळी पुस्तकं रजिस्टरात चढवली, घोटीव अक्षरात, आणि या वेळी लेखकाच्या रकान्यात लेखकच लिहिला.

सोमवारी व्यापारी आले, पहिलं पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं आणि हातमोजे काढून खिशात ठेवले. सेक्रेटरी एकेक करत सगळी चौदा उघडून बघत सुटले. व्यापारी मात्र काकांना एवढंच म्हणाले, "तुम्ही माझ्याकडूनच शिकलात." रागानं नाही, थकून म्हणाले.

आमच्या मंडळात कुणाला काढायचं तर सत्कार करून काढतात. पंधरा दिवसांत काकांना शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. सेक्रेटरींनी त्यांच्या निष्ठेवर सुंदर भाषण केलं. सुंठीवाचून खोकला गेल्याचा आनंद कमिटीच्या चेहऱ्यांवर मावत नव्हता. काका बोलायला उठले, माईक कसा धरतात ते त्यांना येईना, आणि ते एवढंच बोलले: "चौदाच्या चौदा जागेवर आहेत. कुणीही मोजून घ्या." लोकांना वाटलं, वय झालं. टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत आणि मला त्यांचा अभिमान वाटला होता की राग आला होता, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.

त्यानंतर मी एकटीनं वाचनालय चालवलं. चालवलं म्हणजे काय, उघडलं आणि बंद केलं. वाचणारी म्हातारी माणसं एकेक करून कमी झाली, त्यांची मुलं पुण्या-बंगळूरला, नातवंडं मराठी बोलतात पण वाचत नाहीत. हा रडगाण्याचा विषय मी इथे वाढवत नाही, तो सगळ्यांना पाठ आहे. शेवटी इमारत बिल्डरकडे गेली. नव्या इमारतीत मंडळाला हॉल मिळणार होता, लग्नाला भाड्यानं देता येईल असा. वाचनालयाची खोली नकाशात नव्हती.

पुस्तकांचं काय करायचं? मी सहा महिने चपला झिजवल्या. एका मोठ्या ग्रंथालयानं जागा नाही म्हणून कळवलं. हरणीकडच्या एका शाळेला स्पर्धापरीक्षांची पुस्तकं हवी होती, तीही इंग्रजीतली. दान देणाऱ्या बाई अमेरिकेत गेल्याच होत्या. त्यांच्या मुलाला कळवलं तर त्यानं नम्रपणे लिहिलं, की तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मग मीच त्या पुण्याच्या व्यापाऱ्यांना फोन केला. ते आले, बिचारे, स्वतःच्या खर्चानं. दिवसभर बसून शिक्का न पडलेली वीसेक पुस्तकं निवडली. नोंद व्हायची राहून ढिगात पडलेली अशी. ती ते घेऊन गेले, आणि आता ती कुणाच्या तरी काचेच्या कपाटात आहेत, थंड खोलीत, वाळवी न लागता. त्यांना राहायला घर मिळालं.

चौदा पुस्तकांतलं कवीचं पुस्तक त्यांनी उघडलं होतं. शिक्क्याखालचं कडवं वाचायचा प्रयत्न करत होते. मी विचारलं, "घेणार नाही? फुकटसुद्धा?"

"घेऊन करू काय, ताई? शिक्का आहे. विकता येत नाही, आणि ठेवायला माझ्याकडे जागा कुठे आहे. ह्याच्यावर शिक्का नसता तर आज ह्याला दहा घरं मिळाली असती." त्यांनी ते परत ठेवलं.

हे वाक्य मला त्या दिवशी फार लागलं. काकांनी ज्या गोष्टीनं पुस्तकांना वाचवलं होतं, तीच आता त्यांच्या मुळावर आली होती. आणि ती त्यांनी एकट्यानं केलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात पस्तीवाला आला. त्यानं वजनाचा काटा जिन्यात लावला. आमच्याकडे रद्दीला पस्तीच म्हणतात. मला वाटलं होतं, पुस्तकं गोणीत भरतील आणि नेतील. तसं नसतं. कागदाचा भाव वेगळा आणि पुठ्ठ्याचा वेगळा. त्यामुळे तो एकेक पुस्तक घेई, कव्हर मागे वळवून ओरबाडे, पुठ्ठा एका बाजूला आणि पानं दुसऱ्या बाजूला टाकी. "पूंठां अलग, कागळ अलग, बेन," त्यानं मला समजावलं. त्याचा काही दोष नव्हता. तो त्याचं काम चोख करत होता.

सेक्रेटरी सगळ्यांना सांगत होते, "जे जोईए ते घेऊन जा. सगळं खालीच करायचंय." लोकांनी नेलं. कुणी पंखा नेला, कुणी खुर्च्या, एका बाईंनी ते कुलपाचं कपाट नेलं, आतली पुस्तकं बाहेर काढून. सेक्रेटरी मला मुद्दाम येऊन म्हणाले, "ताई, तुमचा तो पहिला हक्क. ती चौदा पाहिजे तर रिक्षात घालून देतो." मी उभी होते. चौदा पुस्तकं म्हणजे दोन पिशव्या. माझ्या घरी दोन पिशव्यांना जागा नव्हती असं नाही. मी 'नको' म्हटलं, ती पुस्तकं काट्यावर चढेपर्यंत थांबले आणि रिकाम्या हातानं फतेगंजला आले. मिस्टरांनी विचारलं, काही आणलं नाहीस? मी म्हटलं, दमलेय.

काकांना हे कोण सांगणार, हा प्रश्न होता. ते आता हरणीला, विमानतळाजवळ, मुलाच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर असतात. पाय गेले आहेत, डोकं शाबूत आहे. कुणाकडून तरी अर्धवट कळण्यापेक्षा आपण जाऊन सांगावं म्हणून मी गेले. मुलगा कामावर होता. सूनबाईंनी चहा आणि खाकरे ठेवले आणि त्या आत गेल्या. काका खिडकीजवळच्या खुर्चीत होते. विमान उतरताना तिथे दोन मिनिटं बोलता येत नाही, तेवढा वेळ मला मिळाला, आणि मग मी सगळं सांगितलं. बिल्डर, शाळा, व्यापारी, पस्ती. पुठ्ठे ओरबाडल्याचं तेवढं सांगितलं नाही.

"चौदाही?" त्यांनी विचारलं.

"चौदाही."

"एकत्रच गेली म्हणायची." हा विनोद होता की काय, त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मग म्हणाले, "शिक्का नसता तर जगली असती."

खोटं बोलण्याची माझी तयारी होती, पण ते मला विचारत नव्हते.

"तुम्ही होता तिथे?"

"होते."

"आणि कुणालाच नेता आली नाहीत?"

"मला नेता आली असती," मी म्हटलं. सांगितलं नसतं तर त्यांना कधीच कळलं नसतं. पण मला आता कशाचंच ओझं बाळगायचं नव्हतं. "सेक्रेटरी म्हणत होते, घेऊन जा. रिक्षासुद्धा करून देत होते."

त्यांनी मान वर केली. त्या म्हाताऱ्या डोळ्यांत एवढा राग मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता. "मग का नाही नेलीत? दोन पिशव्या, ताई! तुम्हाला त्यांची किंमत कळत होती. एक तुम्हालाच कळत होती!"

माझं मला उत्तर तोवर सापडलेलं नव्हतं. ते तोंडातून बाहेर आलं तेव्हाच मीही ते पहिल्यांदा ऐकलं.

"काका, लाल रेघ मारलेली नव्हती. सह्या नव्हत्या. शिक्क्याची पुस्तकं होती ती. घरी कशी नेणार?"

त्यांचा राग उतरत गेला. मग त्यांनी हळूहळू मान हलवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तशी नेता येत नाहीत."

आणि शाबासकी द्यावी तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो झटकून टाकावा, असं मला फार वाटलं. मी तो टाकला नाही.